फोन घेणं वेगळं, फोन उघडणं वेगळं

समजा, रात्री साडेदहाची वेळ आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवर नाकाबंदी लागली आहे. पोलीस लायसन्स बघतात, डिकी उघडायला लावतात आणि मग त्यांच्यातला एक जण म्हणतो, "मोबाईल काढ. लॉक उघड. व्हॉट्सअ‍ॅप दाखव." क्लासवरून घरी निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा काय करेल? मुकाट्याने लॉक उघडेल. समोर खाकी आहे, घरी कळेल ही धास्ती आहे, आणि नाही म्हणायची सोय आहे हे त्याला कधी कोणी सांगितलेलं नाही.

प्रसंग मनाचा असला तरी हवेतला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत पोलिसांनी रस्त्यात लोकांना थांबवून त्यांचे फोन घेतले आणि चॅटमध्ये 'गांजा' असे शब्द शोधले. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. तेव्हा वकिलांनी जो प्रश्न विचारला तोच नाशिककरांनाही पडायला हवा, कारण २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने इथला बंदोबस्त वाढत जाणार आहे आणि नाकाबंदी नेहमीची होणार आहे. पोलिसांना आपला फोन बघायचा असेल तर वॉरंट लागतं का?

याचं हो किंवा नाही असं सरळ उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते. फोन ताब्यात घेणं हे एक काम आहे आणि फोन उघडून आतलं वाचणं हे दुसरं. आपल्याकडचा कायदा पहिल्याबद्दल बराच स्पष्ट आहे, दुसऱ्याबद्दल मात्र त्याने अजून नीट तोंड उघडलेलं नाही. सगळा गोंधळ आणि सगळी मनमानी या दोहोंच्या मधल्या फटीत शिरते.

आधी पहिलं काम बघू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०६ नुसार एखादी वस्तू चोरीची असल्याचा संशय असेल, किंवा ती अशा परिस्थितीत सापडली असेल की गुन्हा घडल्याचा संशय यावा, तर पोलीस ती जप्त करू शकतात. त्यासाठी वॉरंट लागत नाही, पण जप्तीची माहिती लगेच मॅजिस्ट्रेटला कळवावी लागते. एखाद्याला अटक झाली तर कलम ४९ प्रमाणे त्याची अंगझडती होते, अंगावरचे कपडे सोडून बाकीच्या वस्तू पोलीस ठेवून घेतात आणि त्यांची पावती देतात. त्या वस्तूंमध्ये फोनही आला.

तिसरा मार्ग कलम ९४चा. तपासासाठी एखादी वस्तू हवी असेल तर न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी ती हजर करण्याचा लेखी हुकूम काढू शकतो. जुन्या कायद्यात इथं 'दस्तऐवज किंवा इतर वस्तू' एवढंच होतं. नव्या संहितेने त्यात डिजिटल पुरावा असण्याचा संभव असलेली संपर्काची उपकरणं नाव घेऊन घातली. म्हणजे साक्षीदार म्हणून तुमचा फोन हवा असेल तर वॉरंटशिवायही ठाण्यातून हुकूम येऊ शकतो, पण तो लेखी असला पाहिजे. "साहेबांनी बोलवलंय, फोन घेऊन या" हा कलम ९४चा हुकूम नव्हे. जो स्वतः आरोपी आहे त्याच्यावर तर असा हुकूम काढताच येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली श्यामलाल चोक्सी प्रकरणात सांगितलं आहे. आरोपीकडची वस्तू हवी असेल तर झडतीच्या मार्गाने जावं लागतं.

झडतीचे रस्ते दोन. कलम ९६ प्रमाणे न्यायालयाकडून वॉरंट घ्यायचं, नाहीतर कलम १८५ वापरायचं. हे १८५ नीट समजून घ्या, कारण वॉरंटशिवायच्या झडतीचा आधार बहुतेक वेळा तेच असतं. त्याच्या अटी अशा: ज्या गुन्ह्याचा तपास चालू आहे त्यासाठीच वस्तू हवी असली पाहिजे, वॉरंट आणण्यात वेळ गेला तर ती हातची जाईल असं मानायला सबळ कारण असलं पाहिजे, ते कारण आणि काय शोधायचं आहे हे आधी केस डायरीत लिहिलं पाहिजे, आणि या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पोहोचली पाहिजे. आता गंगापूर रोडवरच्या त्या मुलाकडे परत वळून बघा. गुन्हा दाखल नाही, तपास नाही, कारण लिहिलेलं नाही. त्याच्या फोनमध्ये काय सापडतं ते चाचपून बघायला कलम १८५ परवानगी देत नाही.

काही कायदे पोलिसांना जास्त मोकळीक देतात, तेही माहीत असावं. अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ४३ सार्वजनिक जागी झडती आणि जप्तीचा अधिकार देतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ८० पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याला सार्वजनिक जागी वॉरंटशिवाय झडती घेऊ देतं. पण दोन्हीकडे ठोस संशय हवा, आणि दुसऱ्यात तर किमान पीआयच्या हुद्द्याचा अधिकारी हवा. नाक्यावरचा शिपाई हा अधिकार स्वतःकडे घेऊ शकत नाही.

आता दुसरं काम, फोन उघडण्याचं. कलम १८५ मुळात जागेच्या झडतीसाठी लिहिलेलं आहे: घर, दुकान, गोदाम. त्या कायद्याची मांडणी झाली तेव्हा घराच्या झडतीत कपाट सापडायचं. आज एका फोनमध्ये दहा वर्षांचं घर सापडतं. बँक, आजारपणाचे रिपोर्ट, बायकोशी झालेलं भांडण, मित्राने विश्वासाने सांगितलेलं गुपित, रोज कुठं कुठं गेलात त्याचा नकाशा. शिवाय त्यात तुम्ही एकटे नसता. तुमच्याशी बोललेला प्रत्येक माणूस त्यात असतो, आणि त्याला तर कोणी विचारलेलंही नसतं.

एक उदाहरण मला फार अस्वस्थ करतं. बाईची अंगझडती बाईनेच आणि पूर्ण मर्यादा पाळून घ्यायची, असं संहिता बजावून सांगते. पण त्याच बाईच्या फोनमधले फोटो कोणी बघायचे, किती बघायचे, यावर संहितेत एक ओळ नाही. पदराला हात लावायला मनाई आणि गॅलरी मात्र सताड उघडी, हे ज्याला खटकत नाही त्याने आपल्या घरातल्या मुलीचा फोन डोळ्यांसमोर आणावा.

अमेरिकेत हा प्रश्न २०१४ मध्ये सुटला. सॅन डिएगोमध्ये २००९ साली डेव्हिड रायली नावाच्या माणसाची गाडी नोंदणीची मुदत संपली म्हणून अडवली गेली. गाडीत पिस्तुलं सापडली, अटक झाली, खिशातला फोन घेतला गेला आणि पोलिसांनी त्यातले फोटो नि व्हिडिओ चाळून त्याला एका जुन्या गोळीबाराशी जोडलं. तिथं अटक केलेल्या माणसाच्या खिशातल्या वस्तू वॉरंटशिवाय तपासायची जुनी मुभा आहे. सरकारचं म्हणणं होतं की फोनही त्यातलाच. २५ जून २०१४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी हे नाकारलं. फोन घेऊन ठेवा, पण आतला मजकूर बघायचा तर आधी वॉरंट आणा, असा तो निकाल. जीव धोक्यात आहे अशी खरीखुरी तातडी असेल तेवढाच अपवाद.

आपल्याकडे असा एकमुखी निकाल नाही. पाया मात्र आहे. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटलं होतं की झडतीच्या अधिकाराला आडवा येणारा खासगीपणाचा हक्क आपल्या राज्यघटनेत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ती समजूत मोडीत काढली आणि खासगीपणा हा अनुच्छेद २१ खालचा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि घाला गरजेपुरताच हवा.

हा पाया धरून कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये, बेंगळुरूतल्या अमली पदार्थांच्या एका प्रकरणात, सविस्तर निकाल दिला. फोन तपासायचा तर वॉरंट घ्या. फारच तातडी असेल तर कारणं लिहून ठेवा आणि मग तपासा. पासवर्ड पोलीस मागू शकतात, पण आरोपीने दिला नाही तर न्यायालयात जावं लागेल. नाशिक मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतं, त्यामुळे कर्नाटकचा निकाल इथल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. वकील तो दाखला म्हणून पुढे ठेवू शकतात, आणि ठेवावा. पुढे पत्रकार आणि प्राध्यापकांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला उपकरणांच्या जप्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं, आणि ती होईपर्यंत सीबीआयच्या नियमपुस्तिकेप्रमाणे वागू, असं केंद्राने सांगितलं. माझं मत विचाराल तर हे पुरेसं नाही. नवी संहिता लिहिताना फोनचं नाव कलमात घालायची आठवण झाली, तशी तो उघडण्याच्या अटी घालायचीही व्हायला हवी होती.

पासवर्डचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. अनुच्छेद २०(३) म्हणतो, कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही. मग पासवर्ड सांगणं ही साक्ष झाली का? १९६१ मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात अकरा न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने देणं ही साक्ष नव्हे, कारण त्यात माणूस आपल्या मनातलं काही सांगत नाही. २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात नार्को चाचणीची सक्ती बेकायदा ठरली, कारण ती थेट मनात शिरते. पासवर्ड मनात असतो. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये एका सीबीआय प्रकरणात म्हटलं की आरोपीला पासवर्ड सांगायला भाग पाडता येणार नाही. कर्नाटकने मात्र पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असं म्हटलं होतं. दोन उच्च न्यायालयांची तोंडं दोन दिशांना आहेत. बोटाने किंवा चेहऱ्याने उघडणाऱ्या फोनचं काय? १९६१ च्या तर्काने बघितलं तर बोट हे ठशासारखंच, म्हणजे आकड्यांच्या लॉकला जे संरक्षण मिळू शकतं ते बोटाच्या लॉकला मिळेलच असं नाही. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की पहिल्यांदा बोट चालत नाही, आकडेच लागतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलेलं नसतं.

इथं एक कटू गोष्ट सांगावी लागते. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा आपल्याकडे केवळ तेवढ्या कारणाने बाद होत नाही. सत्तरच्या दशकातल्या पूरण मल प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे: पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल तर तो कसा मिळवला हे सहसा आड येत नाही. अमेरिकेत पोलिसांनी नियम मोडला तर पुरावा बहुधा हातचा जातो, म्हणून तिथं वॉरंट आणण्याची काळजी घेतली जाते. आपल्याकडे तो धाक नाही. एक अपवाद आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचेच्या एका प्रकरणात नियम मोडून टॅप केलेली संभाषणं नष्ट करण्याचा आदेश या न्यायालयाने दिला आणि त्यात पुट्टस्वामीचा आधार घेतला. तो टॅपिंगचा निकाल होता, फोन उघडण्याचा नव्हे. पण नाशिकच्या वकिलाला घरचा निकाल म्हणून तो हाताशी आहे.

पोलिसांची बाजूही खरी आहे. फोटो पसरवण्याची धमकी सहन करणाऱ्या मुलीची तक्रार असो किंवा निवृत्त माणसाची पुंजी लुटणारी सायबर टोळी असो, पुरावा फोनमध्येच असतो आणि लांबून पुसताही येतो. म्हणून फोन पटकन ताब्यात घेणं रास्त आहे. पण ज्याला गुन्हा सिद्ध करायचा आहे त्यानेच फोन हाताने चाळू नये. त्याचं कारण बारकाईने बघण्यासारखं आहे.

फोन जप्त झाला की पंचांसमोर पंचनामा होतो. त्यात कंपनी, मॉडेल, रंग, काचेला तडा असेल तर तोही, सिमकार्ड, मेमरी कार्ड आणि दोन्ही आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनची ओळख पटवणारे आकडे, लिहायचे असतात. फोन चालू होता की बंद, लॉक होता की उघडा, हेही. चालू फोन फ्लाइट मोडवर टाकतात, नाहीतर सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवतात, मग लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे या सगळ्याचं व्हिडिओ चित्रण करून ते मॅजिस्ट्रेटकडे विनाविलंब पाठवावं लागतं. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं अ‍ॅपही आहे. पुढे फोन न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. नाशिकला तशी प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. तिथं फोनची हुबेहूब प्रत काढतात आणि त्या प्रतीचा हॅश काढतात. हॅश म्हणजे सगळ्या मजकुरावरून गणिताने निघणारी आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी ती ओळ पूर्ण बदलते. म्हणून प्रत आणि मूळ एकच आहेत, मध्ये कोणी हात घातला नाही, हे न्यायालयात दाखवता येतं.

आता ठाण्यात बसून कोणी उत्साहाने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर काय होतं बघा. न वाचलेल्या मेसेजवर निळ्या टिका पडतात, नवे फोटो डाउनलोड होतात, फायलींच्या वेळा बदलतात. जप्तीनंतरची ती वेळ फोनमध्ये नोंदली जाते आणि उलटतपासणीत बचावाचा वकील नेमकी तीच बाहेर काढतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खोतकर-गोरंट्याल वादात पक्कं केलं. तिथं भांडण उमेदवारी अर्ज भरल्याच्या वेळेच्या चित्रीकरणावर होतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात तर हॅशचा रकानाच दिला आहे. त्र्यंबक रोडवरच्या पोलीस प्रबोधिनीत सगळ्या महाराष्ट्राचे फौजदार घडतात. ही निळ्या टिकांची गोष्ट तिथल्या प्रत्येक तुकडीला पहिल्या आठवड्यात सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

मग नाक्यावर काय करायचं? हुज्जत घालायची नाही, हात झटकायचा नाही, फोन लपवायचा नाही. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला की मूळ मुद्दा बाजूला पडतो. समोर पोलीस असताना फोनमधलं काही पुसायचंही नाही. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. शांतपणे एवढंच म्हणायचं: "साहेब, कोणत्या गुन्ह्यात हवाय? गुन्हा रजिस्टर नंबर सांगा. लेखी नोटीस द्या, मी देतो. माझ्या संमतीने मात्र मी उघडत नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तुम्ही स्वतः लॉक काढून दिलंत तर नंतर 'त्याने राजीखुशीने दाखवला' असंच लिहिलं जातं. तरीही फोन घेतलाच तर अधिकाऱ्याच्या नेमप्लेटवरचं नाव, ठाणं आणि वेळ लक्षात ठेवा, पंचनाम्याची किंवा पावतीची प्रत मागा, आणि त्याच रात्री घरी बसून घडलेलं लिहून काढा.

ट्रॅफिक पोलिसाची गोष्ट वेगळी, आणि तिथंच आपण गाफील असतो. २०१८ च्या नियमबदलानंतर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स चालतं. पण लायसन्स दाखवायचं म्हणजे उघडा फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा असं नाही. आपल्या हातात धरून दाखवावं. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करायची सोय असते, आयफोनमध्ये गाइडेड अ‍ॅक्सेस. ते लावलं की समोर तेवढं एकच पान राहतं. त्याहून सोपं म्हणजे पाकिटात कार्ड ठेवावं.

तुम्ही तक्रारदार असाल तेव्हाही विचारायला लाजू नका. फसवणुकीची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर ठाण्यात देताना पुष्कळदा स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट आणि त्या एका चॅटची एक्स्पोर्ट केलेली प्रत यावर काम भागतं. सगळा फोन ठेवून घ्यायचा असेल तर पंचनामा तुमच्याही फोनचा व्हायला हवा.

जप्त फोन परत मिळवायला खटला संपायची वाट बघावी लागते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करता येतो. वस्तू ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच बजावलं आहे. अर्जासोबत खरेदीचं बिल किंवा बॉक्सवरचा आयएमईआय जोडा. न्यायालय तपासी अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं. प्रयोगशाळेने प्रत काढून घेतली असेल तर फोन अडवून ठेवण्याचं कारण उरत नाही, हे वकिलाने ठासून मांडावं. वकील परवडत नसेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. तिथं पात्र माणसाला वकील फुकट मिळतो. अर्ज मंजूर झाला की बंधपत्र लिहून फोन सुपूर्तनाम्यावर मिळतो, मागितला तेव्हा हजर करण्याच्या अटीवर. म्हणून खटला चालू असेपर्यंत तो विकू नका, फॉरमॅट करू नका. ताबा घेताना सील पंचांच्या सह्यांसकट शाबूत आहे का बघा, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय पंचनाम्याशी ताडून घ्या, आणि काही फरक दिसला तर सही करण्याआधी त्याच कागदावर तो लिहून घ्या.